पवईच्या हॉटेलात नेलेली गोधडी

हॉटेलच्या खोलीतली सगळ्यात घाणेरडी वस्तू कोणती, असं कुणी मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन: टीव्हीचा रिमोट. संडास नव्हे. संडास निदान रोज कुणीतरी घासतं. रिमोटला चिवडा खाल्लेले, नाक शिंकरलेले, कुठे कुठे खाजवलेले हात लागतात आणि साफ करताना त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून मी खोलीत शिरल्या शिरल्या रिमोट चिमटीत धरते, घरून आणलेल्या कोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालते आणि तोंडाला रबर लावते. बटणं पिशवीवरून दाबली तरी चालतात. त्यानंतर दिव्यांची बटणं, दाराच्या मुठी, नळ, फ्लश, फोन. कापूस आणि स्पिरिट. हे सगळं होईपर्यंत नवऱ्याने कशालाही टेकायचं नाही, असा नियम आहे. तो दाराच्या आत हाताची घडी घालून उभा राहतो आणि मधूनमधून विचारतो, "श्वास घेऊ का?"

घेऊ दे बापडा. पण मास्कमधून.

मी जन्मजात अशी नाही. लालबागच्या चाळीत वाढलेल्या मुलीला असं असून चालत नाही. मजल्यावर सगळ्यांना मिळून संडास, नळावर रांग, शेजारच्या काकूंच्या वाटीतली आमटी आमच्या घरात आणि आमचं पोर त्यांच्या. माझे वडील गिरणीत होते, आई कोकणातली, तिची स्वच्छता म्हणजे बाहेरून आलात की पायावर तांब्याभर पाणी घ्या आणि मग घरात काय तो गोंधळ घाला. जंतू हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. नवराही मी असाच निवडला. अंधेरीच्या एमआयडीसीत आम्ही एकाच कंपनीत होतो. ऑफिस सुटलं की आरे कॉलनीत जायचो आणि तिथल्या टपरीवर एकच गार मसाला दूध दोघांत घ्यायचो. आधी मी प्यायचे, मग तो. माझं उष्टं प्यायला त्याला आवडायचं आणि मला ते बघायला आवडायचं. लग्नानंतर मुलुंडला आलो तेव्हा दुधाचा चहा झाला, एवढाच फरक पडला. संध्याकाळी मी चहा घेत असले की तो पेपरमागून म्हणायचा, "शेवटचा घोट ठेव गं." स्वतःचा अख्खा कप पिऊन झालेला असायचा, तरी माझ्या कपातला शेवटचा घोट त्याला लागायचाच. आई आली की तेवढे दिवस बंद. तिच्यासमोर मी त्याला "अहो" म्हणायचे, आणि अहो म्हटल्यावर उष्टा चहा कसा देणार?

मग त्याच्या किडन्या गेल्या. हळूहळू गेल्या, मग एकदम गेल्या. आधी डायलिसिस, मग आता दुसरी किडनी बसवावीच लागेल असं डॉक्टरांचं म्हणणं. पत्रिका बघून आम्ही लग्न केलं नव्हतं, पण रक्तगट जुळला. त्या पवईच्या सहलीच्या पावणेदोन वर्षं आधी माझी डावी किडनी काढून त्याच्या पोटात बसवली. लोक मला सावित्री वगैरे म्हणाले. मी त्यांना सांगायचे की अहो, दोन होत्या, एक दिली, त्यात एवढं काय? पण खरं सांगायचं तर मनातून मी फार खूश होते. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला होता, "चालू झाली का?" नर्स म्हणाली, "झाली, मस्त चाललीय." इतका आनंद मला मुलगी झाली तेव्हाच झाला असेल.

बसवलेली किडनी शरीराला परकी वाटते. तिला हाकलून देऊ नये म्हणून अंगातली प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते, जन्मभर. म्हणजे आपलं जे दुखणं चार शिंकांवर जातं ते त्याला हॉस्पिटलात नेऊ शकतं. आणि नेलंच. घरी येऊन दोन-तीन महिने झाले असतील, मला सर्दी झाली. साधी, नाक गळायची सर्दी. चार दिवसांनी त्याला ताप भरला, पुन्हा ॲडमिट, पुन्हा काचेच्या दाराआड तो आणि बाहेर बाकावर मी. किडनीचे आकडे बिघडले. मग सुधारले. ते दुखणं कुठूनही आलं असेल, असं डॉक्टर म्हणाले. माझ्यामुळे झालं असं कुणीही म्हटलं नाही. मी मात्र बाकावर बसल्या बसल्या ठरवून टाकलं की माझी चांगली किडनी माझ्याच नाकाने घालवायची नाही.

त्या दिवसापासून मी हॉलमध्ये दिवाणावर झोपायला लागले. त्याची खोली वेगळी, टॉवेल वेगळा, ताटवाटी वेगळी आणि उकळून घेतलेली. दाराशी सॅनिटायझर. बाहेरून आलं की आधी अंघोळ. सर्दी झालेल्या पाहुण्याला मी जिन्यातूनच परत पाठवलंय, त्यात माझी सख्खी नणंद होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तर पाणीही फुंकून प्यायला लागले. आणि शेवटचा घोट बंद झाला, हे सांगायला नकोच. गंमत म्हणजे हाताची सवय जाईना. संध्याकाळी चहा घेतला की कपात घोटभर उरलेलाच असायचा. मी उठून तो मोरीत ओतायचे. तो पेपरमागून बघायचा, मला कळायचं की तो बघतोय, आणि मी नळ जरा जास्तच सोडायचे.

वर्ष झालं तसं डॉक्टर म्हणाले, "आता नेहमीसारखं राहा. गर्दी टाळा, कच्चं-शिळं टाळा, आजारी माणसांपासून लांब राहा, बाकी जगा." मी मान डोलावली आणि घरी येऊन ताटं उकळली. डॉक्टरांचं काय जातंय? त्यांनी किडनी दिली नव्हती.

हॉटेलची कल्पना नवऱ्याची. लग्नाचा वाढदिवस होता. लांब जायला माझी परवानगी नव्हती, कारण त्याच्या हॉस्पिटलपासून तासाभराच्या आत राहायचं असं मी ठरवलं होतं. तेव्हा बंगळुरूहून मुलीने तोडगा काढला आणि पवईला तलावासमोरच्या हॉटेलात दोन रात्रींचं बुकिंग करून टाकलं. वर फोनवर मला बजावलं, "आई, प्लीज, तिकडे फिनेल घेऊन जाऊ नकोस." मी म्हटलं, नाही नेत. नेलं नाहीच, स्पिरिट नेलं.

शेजारच्यांनी विचारलं, कुठे निघालात बॅगा घेऊन? नवरा म्हणाला, "हवापालटाला. पवईला." मजल्यावर सगळे पोट धरून हसले. मुलुंडची माणसं हवापालटाला अर्ध्या तासावरच्या पवईला जातात हे त्यांनी प्रथमच ऐकलं होतं.

बॅगा दोन होत्या, त्यातली एक निव्वळ माझ्या संरक्षण खात्याची. त्यात आमची स्वतःची किटली, स्टीलचे दोन कप, पिण्याचं पाणी, त्याच्या औषधांचा डबा, रबरी सपाता, आणि अंघोळीसाठी बादली-मग. बादलीवरून घरात वाद झाला, शेवटी नुसता मग नेला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन पांढऱ्या शुभ्र चादरी, गरम पाण्यात धुऊन दोन्ही बाजूंनी इस्त्री केलेल्या, आणि आईची गोधडी. आईने तिच्या जुन्या सुती साड्यांची शिवलेली, मोठ्या पलंगाला पुरेल एवढी. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण गोधडीत अजून तिची ती हिरवी साडी आहे जी नेसून ती शाळेत माझं प्रगतिपुस्तक घ्यायला यायची. हॉटेलच्या गादीवर आधी गोधडी, तिच्यावर आपली चादर, मग नवरा, असा माझा बेत होता. गादी धुता येत नाही ना. त्या गादीत काय काय मुरलेलं असेल, विचार करून बघा.

टॅक्सी भांडुप-कांजूर ओलांडून पवईच्या जोडरस्त्याला वळली तसा तो म्हणाला, "एक मागू?"

"पेस्ट्री सोडून काहीही माग."

"दोन दिवस तू माझी नर्स नाहीस."

"मग कोण?"

"आता हे पण मीच सांगू?" त्याने खिडकीकडे बघत विचारलं. मग म्हणाला, "शेजारी झोप ना यार. दीड वर्ष झालं. रात्री जाग आली की शेजारी उशी असते. उशीशी काय बोलणार माणूस?"

टॅक्सीवाला आरशातून बघत होता. मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात माझ्या "बघू"चा अर्थ "नाही" असा होतो, हे त्याला माहीत आहे. तो पुन्हा खिडकीकडे वळला. त्याचं ते वळणं मला टोचलं, पण मी पर्स उघडून सॅनिटायझर आहे ना ते बघितलं.

हॉटेल झकास होतं, उगाच नावं ठेवणार नाही. आत शिरताच एका मुलीने हात पुसायला थंडगार सुगंधी टॉवेल पुढे केले. नवऱ्याने हात पुढे केला, मी तो वरच्यावर मागे घेतला. मग सरबताचे ग्लास आले. बर्फ कुठल्या पाण्याचा कोण जाणे! तेही परत. ती मुलगी हिरमुसली. नवरा तिला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, मला पण घरात असंच ठेवतात."

खोली नवव्या मजल्यावर. मोठ्या काचेतून पूर्ण तलाव दिसत होता, जलपर्णीचे हिरवे पट्टे, पलीकडे इंजिनिअरिंगच्या कॉलेजची झाडी. पलंग एकच, आमच्या अख्ख्या बेडरूमएवढा. मी कामाला लागले. रिमोट झाला, बटणं झाली. हॉटेलची किटली मी उचलून कपाटात ठेवली, कारण त्यात लोक मोजे उकळतात असं मी ऐकलंय. दाराच्या मुठीला "डिस्टर्ब करू नका"ची पाटी लटकत होती. या पाटीला तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा हात लागत असणार आणि ती पुसायचं कुणाच्या स्वप्नातही येत नसणार. ती मी टिशूत धरून किटलीच्या शेजारी कपाटात टाकली. त्यानंतर हॉटेलच्या चादरी, दुलया, उशा काढून कोपऱ्यातल्या खुर्चीवर रचल्या. गादीवर गोधडी अंथरली, तिच्यावर आमची पांढरी चादर, चारी बाजूंनी ताणून आत खोचलेली, हॉस्पिटलात खोचतात तशी. आमच्या उशा. पांघरायला दुसरी पांढरी चादर. इतकं छान जमलं होतं की गोधडीचा एक टाकासुद्धा बाहेर दिसत नव्हता.

"आता बस," मी म्हटलं.

तो बसला. हाताने पलंगाची दुसरी बाजू थोपटली.

"माझी पाठ दुखतेय," मी म्हटलं, "मऊ गादी मला चालायची नाही." आणि त्या रात्री मी खिडकीजवळच्या सोफ्यावर झोपले. सोफा इतका आखूड होता की सकाळी खरोखरच पाठ दुखत होती.

सकाळी खाली नाश्त्याला गेलो. कापलेली पपई त्याच्या डोळ्यांत भरली होती, पण कापून ठेवलेलं फळ म्हणजे माझ्या लेखी विष. त्याला मी तव्यावरून थेट ताटात उतरलेला डोसा दिला, वाफा येत असलेला. शेजारच्या टेबलावर एक आमच्याच वयाचं जोडपं बसलं होतं. बाई नवऱ्याच्या ताटातले तुकडे उचलून खात होती आणि तो आपला बोलत होता, त्याचं लक्षही नव्हतं. माझा नवरा त्यांच्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "चटणी नको घेऊस, कच्ची असते." तो म्हणाला, "नाही घेत." त्याने मला एक घास देण्यासाठी उचलला होता, तो हळूच परत ताटात ठेवला. मला वाटतं त्याला वाटलं की मी बघितलं नाही.

खालच्या बागेत एक चक्कर मारून वर आलो. दार उघडलं. पलंग नवा होता. हॉटेलची कडक पांढरी चादर, हॉटेलची दुलई, हॉटेलच्या चार उशा, फुगवून उभ्या केलेल्या. आमच्या उशा सोफ्यावर नीट रचून ठेवलेल्या. आमच्या चादरी नाहीत. गोधडी नाही.

मी पलंगाखाली बघितलं. कपाटात बघितलं, तिथे किटली आणि ती पाटी, दोघी शेजारी शेजारी. पाटी बघून मला सगळा उलगडा झाला आणि मी कपाळावर हात मारला. फोन फिरवला, तोही टिशूशिवाय. पाच मिनिटांत साफसफाईच्या विभागातली एक बाई आली, चाळिशीची असेल, घाबरलेली.

"मॅडम, चादरी पांढऱ्याच होत्या ना हो. आमच्याच वाटल्या. चारी बाजूंनी धरून गाठोडं केलं. आत गोधडी आहे ते दिसलंच नाही."

"अहो, पण वजन नाही का लागलं?"

"मला वाटलं दुलई पण आतच गुंडाळलीय. आणि लॉन्ड्री इथे नाही, बाहेर जाते. गाडी गेली आत्ताच. पण मी फोन करते, गोधडी वेगळी ओळखू येईल, संध्याकाळपर्यंत आणून देते. चादरींचं मात्र..." तिने हात पसरले. शेकडो पांढऱ्या चादरींमध्ये माझ्या दोन पांढऱ्या चादरी! त्या हॉटेलात कुणाच्या तरी नशिबी आता कायमची एक निर्जंतुक चादर आहे, त्याला त्याचा पत्ता नाही.

तिला काय बोलणार? तिने दाराला पाटी नाही हे बघून खोली आवरली होती. मी "ठीक आहे" म्हटलं, दार लावलं, सोफ्यावर बसले आणि मला रडू फुटलं. मला वाटलं होतं मी गोधडीसाठी रडतेय, आईच्या हिरव्या साडीसाठी. पण तसं नव्हतं. त्याच्यात आणि त्या सगळ्या घाणेरड्या, शिंकणाऱ्या, खोकणाऱ्या जगात मी जे काही अंथरून ठेवलं होतं ते कुणीतरी चारी कोपऱ्यांना धरून उचलून नेलं होतं, आणि माझ्याकडे आता दुसरं काहीच नव्हतं. स्पिरिटच्या बाटलीत तळाला थोडंसं होतं. त्याने पलंग कसा पुसणार?

"घरी जाऊ या," मी म्हटलं. "आत्ताच. टॅक्सी बोलाव."

तो माझ्याकडे बघत उभा होता. मग त्याने चपला काढल्या, सावकाश पलंगापाशी गेला आणि त्या हॉटेलच्या पांढऱ्या चादरीवर हातपाय पसरून उताणा पडला. धपकन.

"अरे! ऊठ! काय करतोयस? ऊठ आधी!"

"नाही उठत."

"वेड लागलंय का तुला? काही झालं म्हणजे?"

"झालं तर होईल. तासाभरावर हॉस्पिटल आहे, तूच बघून ठेवलंयस." तो छताकडे बघत बोलत होता. "किती मऊ आहे गं. काल तुझ्या चादरीवर मला ॲडमिट असल्यासारखं वाटत होतं."

तो पुढे म्हणाला, "मी हॉस्पिटलातून घरी आलोच नाहीये अजून. तुला कळतंय का? तिथे निदान इतर पेशंट तरी होते."

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मी भांडले असते. भांडणात मला कुणी हरवत नाही. पण तो साध्या आवाजात म्हणाला. मी आजही म्हणेन की त्याला जपलं यात माझं काही चुकलं नाही. जपलं म्हणून तो आहे. पण तो आहे आणि मी दीड वर्ष हॉलमध्ये आहे, हे मला त्या सोफ्यावर बसून पहिल्यांदा दिसलं. दुपारची वेळ, पडदे उघडे, तलावावर ऊन, आणि पलंगाच्या एका कडेला माझा नवरा, दुसरी कडा मोकळी ठेवून.

मी गेले. आधी पलंगाच्या काठावर बसले, मग पाय वर घेतले, मग आडवी झाले. आम्ही दोघंही छताकडे बघत होतो. मध्ये तिसरा-चौथा माणूस झोपेल एवढं अंतर होतं. चादर थंड होती आणि तिला कुठलाही वास नव्हता. मी वास घेऊन बघितला, लपवणार नाही.

"मला सर्दी नाही ना, बघ बरं," मी म्हटलं. "सकाळी एक शिंक आली होती."

"ती तू काळी मिरी घातलेल्या आमलेटकडे बघून दिलीस. मी होतो तिथे."

मग त्याने हात लांब केला, माझा हात धरला आणि सदऱ्याखाली ओढून घेतला. उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला. किडनी तिथे बसवतात, पुढे, कातडीच्या जवळ. हे मला माहीत होतं. टाके होते तेव्हा रोज मी तिथलं ड्रेसिंग बघितलं होतं, पण हातमोजे घालून. नुसत्या हाताने त्या जागेला मी कधीच स्पर्श केला नव्हता.

मी हात मागे ओढायला गेले. "थांब, हात धुऊन येते."

त्याने सोडला नाही. म्हणाला, "स्वतःच्याच वस्तूला हात लावायला हात धुवायला लागतात काय गं?"

तिथे थोडासा फुगीर भाग होता, मुठीएवढा. कोमट. इतकं साधं होतं ते. दीड वर्ष मी जिच्यासाठी जीव टाकत होते, जिचे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ होते, ती माझ्या तळव्याखाली निवांत होती, जणू तिला कधी कुठून कुठे आणलं याची तिला खबरच नव्हती. मला रडू येत होतं आणि हसूही. मी विचारलं, "दुखत नाही ना?" तो म्हणाला, "नाही. बरं वाटतंय." वामकुक्षी हा शब्द माझ्या सासऱ्यांचा, ते दुपारी रोज घ्यायचे. आम्ही घेतली ती वामकुक्षी नव्हे, मेल्यासारखे झोपलो. माझा हात तिथेच होता. कधी मधलं अंतर गेलं ते मला कळलं नाही, जाग आली तेव्हा माझं नाक त्याच्या खांद्याला लागलेलं होतं. तेच नाक.

जाग आली ती बेलने. तो आधीच उठलेला होता. दारात ती सकाळची बाई उभी होती, हातात हँगर, हँगरवर गोधडी. प्लास्टिकच्या पारदर्शक कव्हरमध्ये, चार घड्या घालून, इस्त्री करून, वर खोलीच्या नंबराची चिठ्ठी टोचलेली. एखाद्या साहेबाच्या कोटाला मिळत नाही एवढा मान आईच्या गोधडीला मिळाला होता. मी हात फिरवून बघितलं तर कडक. आई भाताच्या पेजेची खळ घालायची तेव्हा साड्या अशाच लागायच्या. बाई म्हणाली, "मशीनवाल्याने विचारलं, कुणाची एवढी छान?" मी म्हटलं, "माझ्या आईची." ती हसली आणि गेली. गोधडी मी कव्हरसकट सोफ्यावर ठेवली. रात्री ती तिथेच झोपली.

वळून बघते तर टेबलावर हॉटेलची किटली. कपाटातून काढलेली, वाफा सोडत असलेली.

"ही तू वापरलीस?"

"उकळलं की सगळे मरतात, हे कोणाचं वाक्य?" त्याने दोन कप भरले होते. स्टीलचे नाही, हॉटेलचे. "मोजे नव्हते आत. मी बघितलं."

आम्ही काचेजवळ उभे राहून चहा प्यायलो. खाली तलावावर संध्याकाळ व्हायला लागली होती. बगळे परत येत होते. लोक म्हणतात त्या तलावात मगरी आहेत. नवरा त्या शोधत होता आणि प्रत्येक ओंडका दाखवून मला विचारत होता, ही का? त्याचा कप केव्हाच संपला होता. त्याने काही मागितलं नाही. टॅक्सीत मागून झालं होतं, आता तो नुसता मगरी शोधत होता.

माझ्या कपात घोटभर उरला होता. उरलाच होता, नेहमीसारखा. मी बेसिनकडे वळले. दोन पावलं गेले, थांबले. काय काय मनात आलं ते सांगत नाही. सर्दी, ताप, तो बाक, ते काचेचं दार, सगळं आलं आणि अजूनही येतं. मग मी परत आले आणि कप त्याच्यापुढे धरला.

त्याने आधी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. घेतला आणि एका दमात संपवला. तोंड वाकडं केलं.

"थंड झालाय," तो म्हणाला.

"मग प्यायलास कशाला?"

"दीड वर्ष झालं," तो म्हणाला, "थंड होणारच."